रीफला बाराही महिने असतात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कूबा डायव्हिंगवरचा लेख आला होता. फोटो सुरेख होते, माहितीही बरीचशी बरोबर होती. पण शेवटची चौकट वाचून राहवेना, म्हणून हे पत्र. नोव्हेंबर ते एप्रिल हाच काय तो सीझन, एप्रिलमध्ये समुद्र सर्वांत शांत आणि पाणी कोमट म्हणून नवशिक्यांनी तेव्हाच जावं, आणि एरवी पाण्याखाली पाहण्यासारखं काही नसतं, अशा अर्थाचा सल्ला त्यात होता. यातली शेवटची दोन विधानं मला मान्य नाहीत, आणि एप्रिलचा सल्ला तर आजकाल रीफच्या, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या खडकाच्या, जिवावर उठणारा आहे.

मी 2012 साली, वयाच्या 46व्या वर्षी डायव्हिंग शिकले. पुढे नोकरी सोडल्यावर 2021 ते 2024 अशी सलग तीन वर्षं हिंदी महासागरातल्या एका रीफवर डायव्हमास्टर म्हणून काम केलं. डायव्हमास्टर म्हणजे पाहुण्यांना खाली घेऊन जाणारी आणि सगळ्यांना मोजून वर आणणारी व्यक्ती. माझ्या नोंदवहीत आज 900च्या वर डायव्ह आहेत, त्यातल्या 640 त्या एकाच रीफवरच्या. तारीख, वेळ, खोली, पाण्याचं तापमान, किती मीटरपर्यंत दिसलं, प्रवाह कुठून कुठे, आणि काय पाहिलं, असं प्रत्येक डायव्हचं अर्धं पान. त्या रीफचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की होड्या वाढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जानेवारीपासून सुरुवात करते, कारण फोटो सगळे जानेवारीतलेच असतात. ईशान्येचा कोरडा वारा असतो, आकाश मोकळं असतं. पाणी 28 अंश, आणि 30 मीटरवरचा मासासुद्धा ओळखू येतो. पहिल्यांदा उतरणारा माणूस खाली पाहून क्षणभर श्वास रोखतो आणि मला खुणेनं सांगावं लागतं, श्वास चालू ठेवा. हे सगळं खरंच देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी इतकं नितळ का असतं, हे फारसं कुणी विचारत नाही. ते नितळ असतं, कारण त्यात काही नसतं. उन्हानं तापलेला वरचा थर हलका होतो आणि खालच्या गार, खतानं भरलेल्या पाण्यात मिसळत नाही. नायट्रेट-फॉस्फेट जेमतेम, त्यामुळे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तेही जेमतेम. नितळ पाणी म्हणजे उपाशी पाणी. अशा पाण्यात प्रवाळ तग धरतं ते त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाच्या जोरावर. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, त्यातून प्रवाळाची 90 टक्क्यांपर्यंत गरज भागते, आणि प्रवाळ त्याला आसरा देतं. आपण ज्या रंगांचे फोटो काढतो त्यातले तपकिरी, हिरवट, सोनेरी रंग बहुतेक या शैवालाचेच. ही भागीदारी लक्षात ठेवली, तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

आता त्या रात्रीबद्दल लिहिते जिच्यासाठी मी आजही त्या रीफची ऋणी आहे. 2023चा एप्रिल होता, पौर्णिमा होऊन काही रात्री झाल्या होत्या. आदल्या दिवशी आमच्यातल्या एकानं शिंगाड्या, म्हणजे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या फुटणाऱ्या, प्रवाळाची मोडून पडलेली एक फांदी दाखवली होती. तिच्या आत गुलाबी ठिपके भरलेले होते. अंडी पक्व झाल्याची ती खूण. म्हणून आम्ही तिघं, पाहुणे कुणी नाही, सूर्यास्तानंतर दीड तासानं पाण्यात उतरलो. खोली 9 मीटर. टॉर्चवर लाल काच लावली होती, पांढऱ्या उजेडानं प्रवाळांना व्यत्यय येतो म्हणून. पहिली चाळीस मिनिटं काहीच नाही. मग जवळ जाऊन पाहिलं, तर एका टेबलासारख्या पसरट प्रवाळाच्या, म्हणजे चिमुकल्या जीवांच्या वसाहतीच्या, प्रत्येक तोंडाशी मोहरीएवढा गुलाबी गोळा येऊन थांबलेला. हजारो तोंडं आणि प्रत्येकात एक गोळा. तसंच दहा-बारा मिनिटं. मग एका कडेनं ते सुटायला लागले आणि बघता बघता सगळं टेबल मोकळं झालं. तेवढ्यात शेजारचं सुरू झालं, त्यामागून पलीकडचं. त्या गोळ्यात अंडी आणि शुक्रपेशी एकत्र बांधलेल्या असतात. अंड्यांत चरबी असते, म्हणून तो वर तरंगत जातो, पृष्ठभागावर फुटतो आणि दुसऱ्या वसाहतीच्या पेशींशी त्याची गाठ पडते. माझ्या मास्कच्या काचेवर, केसांत, हातमोज्यांवर गोळे चिकटले होते. छोटे मासे वेड्यासारखे तोंडं मारत होते. खाणाऱ्यांना खाता खाता पुरून उरावं, म्हणूनच बहुधा सगळे एकाच रात्री सुटतात. सकाळी होडीतून पाहिलं तर पाण्यावर गुलाबी तवंगाचा पट्टा दूरपर्यंत पसरला होता आणि त्याला ओला, जड, माशासारखा वास होता.

एवढी मोठी गोष्ट, पण ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर संशोधकांनी ती प्रत्यक्ष नोंदवली तीसुद्धा 1981 साली. त्याआधी माणूस तिथे वर्षानुवर्षं डायव्ह करत होताच. फक्त त्या रात्री, त्या वेळी कुणी खाली नव्हतं. आपण आपल्या सोयीच्या वेळी जातो आणि तेवढंच रीफ असतं असं मानतो.

आमच्या त्या गुलाबी रात्रीच्या पुढच्याच वर्षीचा, 2024चा एप्रिल. लेखात ज्याची शिफारस केली होती तसाच. ईशान्येचा वारा पडलेला, नैर्ऋत्येचा अजून आलेला नाही. पाण्यावर सुरकुती नाही. होडीच्या काठावरून वाकलं तर 12 मीटर खालचा तळ दिसे. या मधल्या आठवड्यांत दरवर्षीच पाणी 30 अंशांपर्यंत चढतं. 2024मध्ये माझ्या मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरवर 9 मीटर खोलीवर 31 दिसायला लागलं, मग काही दिवस 32. अंग उबदार ठेवणाऱ्या वेटसूटची गरजच नव्हती. पाहुणे खूश होते.

प्रवाळाचं असं आहे की ते आपल्या सोसण्याच्या कमाल मर्यादेला अगदी चिकटून जगत असतं. वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याची जी नेहमीची सरासरी असते, तिच्यावर पाणी एखादा अंश चढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की आतल्या शैवालाचं काम बिघडतं, त्यातून विषारी ऑक्सिजनयुक्त रसायनं तयार व्हायला लागतात आणि प्रवाळ स्वतःच त्या शैवालाला बाहेर काढून टाकतं. रंग जातो, खालचा पांढरा चुन्याचा सांगाडा दिसतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. वारा नाही म्हणून पाणी ढवळत नाही, ढग नाहीत म्हणून ऊन थेट खाली उतरतं, आणि पाणी नितळ असल्यानं ते आणखी खोल पोचतं. नवशिक्याला हवं असलेलं सगळं म्हणजे नेमकं प्रवाळाला नको असलेलं सगळं.

माझी चूक इथे सांगायलाच हवी. पहिल्या आठवड्यात मला ते ओळखू आलं नाही. काही शिंगाडी प्रवाळं पांढरी होण्याआधी झगझगीत जांभळी, निळी, पिवळी झाली. शैवाल कमी झालं की प्रवाळाची स्वतःची चमकणारी रंगद्रव्यं उघडी पडतात, आणि काही जाती ती वाढवतातही, उन्हापासून बचाव म्हणून. मी तीन वर्षं रोज त्या फांद्या पाहत होते, तरी मी पाहुण्यांना बोटानं दाखवलं, बघा काय रंग आहेत. आठव्या दिवशी त्याच फांद्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या. काळजात चर्र झालं.

आमच्या सेंटरच्या चालकांनी त्या झगझगीत रंगांचे फोटो जाहिरातीला वापरले. त्या आठवड्यात एका वेळी 14 जण खाली होते, त्यातले नऊ पहिल्यांदाच. नवशिक्याला पाण्यात स्थिर राहणं, म्हणजे बॉयन्सी, जमत नाही. तो एकदा वर जातो, एकदा खाली आपटतो, आणि घाबरला की हाताला येईल ते धरतो. एका मुलानं धरलेली फांदी कट् असा आवाज होऊन तुटली. पाण्यात तो आवाज फार स्पष्ट येतो. त्या फांदीवर अजून जिवंत मांस होतं. ब्लीच झालेलं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल परत येतं आणि ते जगतं. म्हणजे ज्या दिवसांत त्याला श्वासाएवढासुद्धा धक्का लागू नये, त्या दिवसांत आम्ही तिथे 14 जणांच्या 28 फिन्स, म्हणजे पायांत घालायची वल्ही, हलवत होतो. मी म्हटलं, नवशिक्यांचे गट वाळूवर नेऊ. उत्तर मिळालं की लोक वाळू बघायला पैसे देत नाहीत. पुढच्या सकाळपासून मी माझे गट विचारून, समजावून रीफच्या बाहेरच्या वाळूच्या उतारावर न्यायला लागले. तिथे गार्डन ईल नावाचे सापासारखे मासे असतात. वाळूतून हातभर वर आलेले, प्रवाहाकडे तोंड करून डोलणारे, आणि जरा जवळ गेलं की एकेक करून बिळात शिरणारे. गुडघे टेकून, न हलता बसावं लागतं. कुणी तक्रार केली नाही. दोघांनी तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच चला म्हटलं.

ही एकट्या आमच्या रीफची गोष्ट नव्हती. 2024च्या त्याच एप्रिलमध्ये समुद्र आणि हवामानावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेनं चौथं जागतिक ब्लीचिंग चालू असल्याचं जाहीर केलं. पहिलं 1998चं, मग 2010चं, मग 2014 ते 2017चं. या चौथ्यात 2023च्या सुरुवातीपासून 2025च्या मार्चपर्यंत जगातल्या 84 टक्के रीफक्षेत्राला ब्लीचिंग होण्याएवढी उष्णता सोसावी लागली. समुद्रतळाचा एक टक्काही न व्यापणारी ही जागा, आणि समुद्रातल्या सुमारे पाव प्रजातींचा आयुष्यात कधी ना कधी तिच्याशी संबंध येतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी नैर्ऋत्येकडे काळं भरून आलं. त्या रात्री पत्रे वाजत होते आणि मला झोप आली नाही, पण ती आनंदानं. नऊ दिवसांत पाणी 31वरून 29वर आलं. लेखाच्या भाषेत सीझन संपला होता. माझा जीव भांड्यात पडला.

नैर्ऋत्येच्या महिन्यांत खाली 8 ते 12 मीटर दिसतं. पाणी हिरवट, कणाकणांनी भरलेलं. वाऱ्यानं आणि प्रवाहानं खालचं गार पाणी वर आणलेलं असतं, त्यात प्लवक माजतं. एरवी रात्रीच हात पसरणारी काही प्रवाळं ढगाळ दिवसांत भर दुपारी पसरलेली दिसतात. आणि जुलैत मँटा, म्हणजे महाकाय पाकट मासे, येतात. तीन-साडेतीन मीटर पंखांचा तो जीव गढुळातून आधी सावलीसारखा उमटतो, मग एकदम समोर असतो, तोंड वासलेलं, डोक्याजवळच्या दोन झडपा उलगडून पाणी आत वळवत. एका सकाळी मी अकरा मोजल्या, एकीच्या शेपटीशी दुसरी अशा रांगेत. त्या आल्या होत्या त्या गढुळातच, कारण गढूळ हेच त्यांचं जेवण. मालदीवच्या बा अटॉल या बेटसमूहातलं हनिफारू मँटांसाठी प्रसिद्ध आहे, तेही याच नैर्ऋत्येच्या महिन्यांत, आणि तिथे स्कूबाला परवानगीच नाही. वरून पोहत पाहायचं. मला तो नियम फार आवडतो.

तरीही सगळ्यांनी पावसाळ्यात उतरावं असं मी म्हणणार नाही. प्रवाह जोराचा असतो, लाटांत होडीवर चढताना माणसं पडतात, आणि वर आल्यावर होडीवाल्याला तुमचं डोकं दिसत नाही. फुगवून उभा करायचा मार्कर प्रत्येकाकडे हवाच. एकदा पावसाच्या सरीत आम्ही चौघं 35 मिनिटं तरंगत होतो, हातात हात धरून. अनुभव नसेल तर जाऊ नये. पण "जाऊ नये" आणि "तिथे काही नाही" यांत फरक आहे.

मे ते ऑगस्टच्या पानांवर मी दोन ठिकाणांचा पाठपुरावा केला आहे. एक म्हणजे 7 मीटरवरचा पोराइट्स जातीचा घुमटासारखा प्रवाळ, माझ्या उंचीपेक्षा उंच. ही जात वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढते, म्हणजे वय शंभरीच्या पुढचं. मेमध्ये त्याचा माथा पांढरा झाला होता. जूनअखेर कडेनं फिकट तपकिरी छटा आली, ऑगस्टच्या मध्यापर्यंत पांढरेपण फक्त माझ्या तळहाताएवढं उरलं होतं. दुसरं म्हणजे त्या गुलाबी गोळ्यांच्या रात्रीचं पसरट टेबल. ते वाचलं नाही. जूनमध्ये त्यावर हिरवट-करडी लव उगवली, आणि लव उगवली म्हणजे खाली मांस उरलेलं नसतं. त्या टेबलावर बटरफ्लायफिशची एक जोडी कायम असे, फक्त प्रवाळाची तोंडं टिपून खाणारी. इतर जोडी आली की दोघं मिळून हाकलायची. टेबल मेल्यावर ती दोघं आठवडाभर त्याच्याभोवती फिरली, लवेला चोच लावून सोडून दिली, दुसरी जोडी आली तरी अंगावर गेली नाहीत. 3 जुलैनंतर माझ्या नोंदीत ती नाहीत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रवाह उलटतो, वारा कधी इकडून कधी तिकडून येतो, पाणी हळूहळू निवळतं आणि विमानं भरायला लागतात.

आता आपल्याकडे मागणं. पर्यटनावर लिहिताना सीझन हा शब्द माणसांच्या सोयीचा आहे हे निदान एका ओळीत सांगावं. थायलंडमध्ये सिमिलन बेटांचं राष्ट्रीय उद्यान दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. 2011च्या जानेवारीत त्या देशानं ब्लीचिंगमुळे 18 डायव्हिंगच्या जागा बंद केल्या होत्या, आणि तो ऐन गर्दीचा महिना होता. म्हणजे मनात आणलं तर हे करता येतं. जिथे सरकार करत नाही तिथे निदान वाचक करू शकतो. त्याला तापमान कुठे पाहायचं हे कळलं पाहिजे. नोआच्या कोरल रीफ वॉच विभागाचे नकाशे रोज नव्यानं निघतात आणि कुणालाही फुकट पाहता येतात. त्यात मागच्या बारा आठवड्यांची जादा उष्णता मोजून एक आकडा दिलेला असतो. तो 4 झाला की ब्लीचिंगचा धोका, 8 झाला की प्रवाळ मरायला लागतात. ज्या ठिकाणी जायचं तिथे तो 4च्या वर असेल, तर नवशिक्यांनी उथळ रीफवर उतरू नये, वाळूवरची किंवा बुडालेल्या जहाजावरची डायव्ह मागावी. सेंटरला आधी फोन करून विचारावं, पाणी किती अंश आहे आणि प्रवाळ पांढरं आहे का. विचारणारे वाढले की चालकांनाही उत्तर तयार ठेवावं लागतं. आणि प्रत्येकानं रीफवर जाण्याआधी तरणतलावात किंवा वाळूवर बॉयन्सीचे दोन तास जास्त घ्यावेत. ज्या मुलाच्या हातून फांदी तुटली तो वर आल्यावर रडत होता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि त्या दिवशी शिकवण्याची जबाबदारी आमची होती.

सोबत माझ्या नोंदवहीतली 2024ची बारा पानं जोडते आहे, प्रत्येक महिन्याचं एक. जागा असेल तर त्या-त्या महिन्यात एकेक छापावं. एप्रिलचं पान मात्र मार्चमध्येच छापा, लोक तिकिटं तेव्हा काढतात. रीफचं नाव मी सगळीकडून खोडलं आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, तो छापू नये.)